द्राक्षपट्ट्यातील आमचा दातांचा दवाखाना

माझे पती आणि मी, दोघेही दंतवैद्य, यांनी 2008 साली तासगावात दवाखाना सुरू केला तेव्हा सांगली-मिरज हाकेच्या अंतरावर असताना दाताच्या कामासाठी पेशंट तालुक्याच्या गावी कशाला थांबेल, अशी शंका घरच्यांनीच बोलून दाखवली होती. शंका अगदीच अनाठायी नव्हती, कारण मिरज ही पिढ्यान् पिढ्या वैद्यकीय उपचारांची पेठ आहे. मात्र दाताचे काम एका फेरीत क्वचितच संपते आणि प्रत्येक फेरीला शेतकऱ्याचा अर्धा दिवस मोडतो, या एका हिशेबावर आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत एक खुर्ची मांडली.

त्या काळात लोडशेडिंगचा जाच होता. दात कोरण्याचा एअरोटर हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा पुरवणारा कंप्रेसर आमच्या घरगुती इन्व्हर्टरला पेलणारा नव्हता. त्यामुळे खुर्चीच्या पाठोपाठ जनरेटर घेणे भाग पडले आणि पेशंटच्या वेळा बरीच वर्षे विजेचे वेळापत्रक पाहूनच दिल्या गेल्या.

विजेपेक्षाही आमच्या धंद्याचे गणित बागेने ठरवले. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, त्यानंतर डाउनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्यांमागून फवारण्या. या दिवसांत बागायतदार दात ठणकत असला तरी गोळीवर भागवतो. “डॉक्टर, एवढी छाटणी उरकू द्या, मग काय ते सगळं करू,” हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तात्यांच्या आणि अण्णांच्या तोंडी असते. पैसा हाती येतो तो द्राक्षे गेल्यावर किंवा बेदाण्याचा सौदा झाल्यावर. आमचे घरभाडे, मदतनिसांचे पगार आणि बँकेचा हप्ता मात्र दरमहा ठरलेल्या तारखेला उभा राहतो. म्हणून बागेच्या कामाच्या दिवसांत वेदना थांबवणे, दात वाचवणे आणि कीड पुढे जाऊ न देणे एवढेच करायचे, कवळ्या, पूल (शेजारच्या दातांच्या आधारे बसवलेले पक्के दात), इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम दात) अशी मोठी कामे सौदे झाल्यावर घ्यायची आणि त्या महिन्यांतील जास्तीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या हंगामाचे पगार त्यातून द्यायचे, अशी पद्धत आम्ही बसवली.

दवाखाना नफ्यात येण्याचे खरे कारण विचाराल तर मी रूट कॅनॉलचे नाव घेईन, पण लोक समजतात तसे त्याच्या फीमुळे नव्हे, तर ते काम अर्धवट सुटणे थांबवल्यामुळे. पहिल्या बैठकीत दात उघडून नस काढली की ठणका बहुधा थांबतो आणि ठणका थांबला की पेशंटही येण्याचे थांबतो. त्या बैठकीला वेळ सर्वांत जास्त लागतो, भूल, मुळाची नळी साफ करणाऱ्या बारीक सुया म्हणजे फाइली, औषधे वापरली जातात, आणि पैसे मात्र काम पूर्ण झाल्यावर द्यायचे अशी सर्वसाधारण समजूत असते. पुढे तात्पुरते भरलेले कच्चे सिमेंट निघते, दात आतून पुन्हा सडतो. काम पुरे करूनही वर कॅप बसवली नाही तर दाढ एखाद्या सुपारीवर उभी चिरते आणि ती काढताना “रूट कॅनॉल करून काही उपयोग झाला नाही” असा बोल गावभर फिरतो. यावर आम्ही तीन गोष्टी केल्या. दाढेच्या रूट कॅनॉलचा आणि कॅपचा खर्च सुटा न सांगता एकत्र, कागदावर लिहून देऊ लागलो. त्यातील निम्मी रक्कम पहिल्या बैठकीला घेऊ लागलो, आणि बागायतदाराला उरलेली सौद्यानंतर देण्याची मुभा ठेवली. यंत्रावर फिरणाऱ्या रोटरी फाइली आणि मुळाची लांबी मोजणारे यंत्र घेतल्यावर, जिथे पू नाही अशा दातांचे काम एकाच बैठकीत आटोपणे शक्य झाले. निम्मी रक्कम आधी मागितल्याने काही पेशंट दुरावले, हे खरे. पण अर्धवट सुटलेल्या कामांनी अडवलेली खुर्ची मोकळी झाली आणि दोनच वर्षांत दुसरी खुर्ची घेता आली.

फुकट जाणाऱ्या वेळेचा दुसरा झरा मापात होता. कवळीसाठी अल्जिनेट या तोंडात घट्ट होणाऱ्या लगद्यात जबड्याचा ठसा, म्हणजे माप, घेतात. ते हवेवर वाळले की आकसते. माप एसटीच्या पार्सलने सांगलीच्या लॅबला पोचेपर्यंत जो फरक पडे, तो तयार कवळी तोंडात बसवताना कळे आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागे. आता माप तोंडातून निघाल्यावर लगेच धुऊन, जंतुनाशक करून आमची मदतनीस शेजारच्या टेबलावर त्यात डेंटल स्टोन हे कडक प्लास्टर ओतते, आणि लॅबला जातो तो घट्ट झालेला साचा. या बदलाला खर्च जवळजवळ नव्हताच.

निर्जंतुकीकरणावर मात्र आम्ही हात आखडता घेतला नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेच्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअसला काढलेली हत्यारे सीलबंद पाउचमध्ये राहतात आणि पाउच पेशंटच्या डोळ्यांदेखतच फाडले जाते. त्यावरील खुणेचा रंग वाफेने का बदलतो, हे आमची मदतनीस म्हाताऱ्या मावशींनाही समजावून सांगते.

हिशेबाचे म्हणाल तर आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, पण म्हणूनच साहित्यावर भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो आणि अनेक नवे डॉक्टर दर ठरवताना तो विसरतात. 2016-17 पासून ठरावीक मर्यादेतील व्यावसायिकांना जमेच्या निम्मी रक्कम नफा दाखवून कर भरता येतो. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे वही लिहिण्याची सवय सुटते, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही प्रत्येक खुर्चीचा तास किती रुपयांना पडतो हे दर तिमाहीला काढतो. 2020 च्या टाळेबंदीत तुषार उडणारी कामे बंद पडून केवळ तातडीचे पेशंट उरले, तेव्हा किती महिने तग धरता येईल हे त्या वहीतून ताबडतोब सांगता आले.

पेशंट पाठवणाऱ्याला कमिशन देण्याची प्रथा आम्ही पहिल्या दिवसापासून पाळलेली नाही. ती आचारसंहितेच्या विरुद्ध आहे, आणि कमिशन शेवटी पेशंटच्याच बिलात चढते. जबड्याच्या त्रिमिती एक्स-रेचे यंत्र घेण्याचा आग्रह विक्रेते दरवर्षी धरतात. आमच्या इम्प्लांटच्या संख्येत त्याचा हप्ता निघत नाही, म्हणून तेवढ्यापुरता पेशंट मिरजेला पाठवतो. तिसऱ्या खुर्चीसाठी जागा तयार आहे, पण तिच्याजवळ उभी राहील अशी मदतनीस आधी तयार व्हायला हवी. त्या कामासाठी दोन मुली सध्या आमच्याकडे शिकत आहेत.