खिडक्या, खरेदीखत आणि एक शाळा : माझा अनुभव

"शनिवारी शाळेच्या कामाला येशील का?" असं ऑफिसातल्या एकीनं विचारलं, तेव्हा मला वाटलं रंगबिंग मारायचा असेल. त्याला आता चार वर्षं झाली.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात, राजधानीच्या रॅली शहरापासून तासाभरावर, रस्त्याकडेला ही दोन वर्गांची लाकडी शाळा आहे. बंद पडलेली ही शाळा दुरुस्त करून तिथं संग्रहालय करायचं, हे ते काम. रोझेनवाल्ड शाळा. टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेचे काळे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सीअर्स रोबक या मोठ्या व्यापारी कंपनीच्या ज्युलियस रोझेनवाल्ड यांना गळ घातली आणि १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेतल्या १५ राज्यांत काळ्या मुलांसाठी जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. सगळ्यात जास्त आमच्या राज्यात. एका धनिकानं शाळा बांधून दिल्या, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

मग नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातलं आमच्या शाळेचं कार्ड पाहायला मिळालं. शाळांना पैसे देणाऱ्या रोझेनवाल्ड निधीनं शाळांची अशी कार्डं ठेवली होती : एक फोटो, आणि कोणी किती दिले त्याचे रकाने. आमच्या कार्डावर काळ्या लोकांच्या रकान्यातला आकडा रोझेनवाल्डच्या आकड्यापेक्षा मोठा! पुढे कळलं की एकूण हिशेबही तसाच आहे. निधीचे सुमारे ४३ लाख डॉलर, काळ्या समाजाचे सुमारे ४७ लाख. कर भरायचाच, वर हे वेगळे.

इमारतीआधी कागद. शाळा कोणाच्या मालकीची हेच धड कोणाला माहीत नव्हतं. गावी सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातल्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं. जमीन सरकारी शिक्षण मंडळाच्या नावे केल्याशिवाय निधी पैसे देत नसे, म्हणून गावातल्या एका काळ्या शेतकऱ्यानं आपली जमीन मंडळाला लिहून दिली होती. साठच्या दशकाच्या शेवटी गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एकत्र झाल्या, ही बंद पडली आणि मंडळानं लिलावात काढली. पुढच्या खतावर घेणार म्हणून शेजारच्या चर्चच्या विश्वस्तांची नावं होती. त्यातलं एक आडनाव पहिल्या खतावरचंच. आजोबांनी दिलेली जमीन नातवानं पैसे मोजून सोडवली होती. ते विश्वस्तही आता हयात नव्हते. नवी संस्था नोंदवून नाव लागायला वर्ष गेलं.

त्यानंतर राष्ट्रीय वारसा नोंदणीचा अर्ज. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना धास्ती की यादीत नाव लागलं की सरकार ताबा घेणार. तसं काही नसतं. खासगी मालकानं स्वतःच्या पैशानं काही केलं तर नोंदणी आड येत नाही, आणि नाव लागलं म्हणून पैसेही मिळत नाहीत. पण अनुदान मागायला गेलं की अटी येतात आणि मूळ रूप किती उरलंय ते तपासलं जातं.

इथं मी माती खाल्ली. एका ठेकेदारानं प्लॅस्टिकच्या नव्या खिडक्या फुकट देऊ केल्या आणि मी हुरळून हो म्हटलं. दोन जुन्या खिडक्या काढून कचऱ्याच्या डब्यात गेल्यासुद्धा. त्याच आठवड्यात पाहणीला आलेल्या तज्ज्ञ बाई दारातच थबकल्या. वीज नसताना बांधलेल्या या शाळेत उजेड हाच खरा आराखडा होता, म्हणाल्या. म्हणून एका ओळीत लावलेल्या उंचच उंच खिडक्या, पूर्व-पश्चिमेला. बाकांची मांडणी अशी की उजेड डावीकडून पडावा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर येऊ नये. या खिडक्या गेल्या तर काय जपणार तुम्ही? संध्याकाळी आम्ही तिघं डब्यात उतरलो आणि दोन्ही खिडक्या वर काढल्या.

त्यानंतरचे शनिवार खरवडण्यात गेले. जुना रंग शिशाचा, म्हणून मास्क लावून, पाणी मारून, ओला असतानाच खरवडायचा. काचेभोवतीची दगड झालेली लांबी (पुट्टी) पटाशीनं हळूच सोडवायची, तावदान न तडकवता. झडप वरखाली व्हावी म्हणून चौकटीच्या पोकळीत लोखंडी वजन दोरीनं कप्पीवर टांगलेलं असतं. दोऱ्या कधीच कुजल्या होत्या. वजन शोधायला पोकळीत हात घातला तर ओंजळभर पेकनची (अक्रोडासारख्या फळाची) टरफलं हाताला लागली. खारींची कामगिरी.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सांगितलं, की आमच्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं. आणि त्याच्या २५ वर्षं आधी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली होती. सगळे खूश. "ती शाळा आहे अजून?" एकानं विचारलं. भिडेवाडा २०२३ मध्ये पाडला, स्मारक बांधायचं म्हणून, हे सांगताना घास घशात अडकला.

संग्रहालयाची एक खोली आता लागली आहे. बाक, घंटा, काही फोटो, आणि भिंतीवर दोन्ही खतांच्या प्रती शेजारी शेजारी. गेल्या महिन्यात इथंच शिकलेल्या, पंच्याऐंशी पार केलेल्या एक बाई आल्या. त्यांना मी डाव्या उजेडाचं सगळं शास्त्र ऐकवलं. त्या बाकावर बसल्या, खिडकीकडे पाहिलं आणि हसल्या.

"मी डावखुरी," त्या म्हणाल्या. "माझ्या वहीवर कायम सावलीच असायची."