अनाशी, बिरडं आणि शिळा सण

परवा आमच्याकडचा मलिदा, म्हणजे नवसाचं गोड पोह्यांचं ताट, बघून ही कसली पूजा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर "ख्रिश्चनांसारखंच काहीतरी" असं म्हणून सुटका करून घ्यायला मी केव्हाच शिकले होते. प्रश्न ठरलेला असतो. आडनाव कोकणातल्या गावावरून, घरात मराठी, गळ्यात मंगळसूत्र, मग ज्यू म्हणजे तुमच्यात वेगळं असतं तरी काय? शब्बाथ, कोशेर, पेसाह, योम किप्पूर असे हिब्रू शब्द एका दमात सांगितले की समोरचा मान डोलावतो आणि लिफ्ट येईपर्यंत विसरतो. म्हणून मी आजीचे शब्द वापरते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्राने नेल्या, अशी आमची कथा. कोणत्या शतकात हे झालं यावर विद्वान भांडोत. पोथ्या गेल्यावर तोंडात काय उरलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उरली एक प्रार्थना, 'शमा': हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. लग्न असो, सुंता असो, मयत असो, तीच म्हणायची. मुलाची सुंता आठव्या दिवशी, हेही उरलं. आणि उरला शनिवार. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने नाव पाडलं 'शनिवार तेली'. शब्बाथ याहून सोपा करून सांगता येत नाही. फक्त आमचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, त्यामुळे खरी धांदल शुक्रवारी दुपारी. आई दिवे लावायची आणि वडील किद्दुश, म्हणजे पेल्यावरची प्रार्थना, म्हणायचे. किद्दुशला इतर ज्यू द्राक्षाचं मद्य घेतात, आम्ही काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत.

आता सण. रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, आजीच्या तोंडी होतं 'नव्याचा सण'. त्या दिवशी चिकाचा हलवा. गव्हाचा चीक काढायचा, त्यात नारळाचं दूध घालायचं आणि हात मोडेस्तोवर ढवळायचं. नारळाचंच का, तर मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. जिथे दारात माड उभा, तिथे हा नियम पाळणं आम्हाला कधी जड गेलं नाही. कोंबडीच्या रश्शालाही तेच दूध. जड गेली ती कोळंबी! कल्ले आणि खवले, हे आपल्याला माशाचे सगळ्यांत ठळक भाग वाटतात, पण कोशेरचा, म्हणजे काय खावं-न खावं याचा आमचा नियम पर आणि खवले बघतो. दोन्ही असतील तो मासा खायचा, म्हणजे पापलेट, रावस, बांगडा. कोळंबी, तिसऱ्या, चिंबोऱ्या बाद. बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने आमच्या बायकांपुढे टोपलीभर मिसळीची मासळी ठेवली, त्यांनी खवले नसलेली बाजूला काढली आणि त्यावरून आम्ही ज्यू आहोत हे त्याने ओळखलं, असं सांगतात.

योम किप्पूर म्हणजे 'दारफळणीचा सण'. दाराला फळी लावायची आणि आत बसायचं. अन्न नाही, पाणीही नाही, या संध्याकाळपासून त्या संध्याकाळी तारे दिसेपर्यंत. अंगावर पांढरे कपडे. पूर्वी त्या दिवशी बाहेरच्यांशी शिवाशीवसुद्धा टाळत. प्रायश्चित्त, पापक्षमा असे भारी शब्द वापरून मी हा दिवस पुष्कळदा समजावला आहे, पण बंद दार सांगितलं की लोकांना लगेच कळतं. आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. गरिबांना काही द्यायचं, एकमेकांच्या घरी जायचं. हा कुठल्याच हिब्रू पंचांगात नाही, आमचाच.

तिशा बे-आव हा यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याच्या शोकाचा उपास. आमच्याकडे तो 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. केवढं मोठं दुःख आणि नाव बिरड्यावरून! पण उपासाची तारीख बायकांच्या ध्यानात ठेवायची, तर वाल भिजत घालायची आठवण पुरेशी असते.

माझ्या मनातून न जाणारा शब्द मात्र 'अनाशी ढाकायचा सण'. हा पेसाह, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचा सण. घाईत निघालेल्यांची कणीक फुगायला वेळ नव्हता, म्हणून आठ दिवस आंबवलेलं काही खायचं नाही. आमचे पूर्वज ही गोष्ट विसरले होते. तरी त्या दिवसांत घरातलं आंबट साठवणीचं मडकं, ती अनाशी, ते झाकून ठेवत. कारण गेलं, झाकण राहिलं. पुढे १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासह हगादा, म्हणजे पेसाहला वाचायची पोथी, छापला गेला, तेव्हा गोष्टही परत आली.

सण दरवर्षी मागेपुढे का होतात, असंही तुम्ही विचारलं होतंत. महिने चांद्र, आणि १९ वर्षांत ७ वेळा अदार महिना दोनदा येतो. अधिक मास तुम्हाला मी काय समजावू!

सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, आमची म्हातारी माणसं सरळ 'मशीद' म्हणत. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेलं सिनेगॉग म्हणजे जुनी मशीद, आणि व्हीटीनंतरच्या मस्जिद स्टेशनाचं नाव तिच्यावरून पडलं, असं आम्ही अभिमानाने सांगतो. शेजारी मुसलमान, त्यांचा शब्द घेतला, एवढंच.

राहिला परवाचा मलिदा, ज्यावरून हे सगळं निघालं. ती पूजा नव्हती, मूर्ती आमच्यात नाहीच. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन मलिदा करतात. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याचा रथ खडकावर टेकला, चाकाची खूण तिथे आहे, असं आम्ही मानतो. जगातल्या इतर ज्यूंना हे सांगितलं की ते हसतात. इस्राएलमधली माझी मावसबहीण मात्र अजून पोहे भिजवते.

भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. पुढच्या वेळी ताट पाठवते. कांदा-लसूण नसतो, तुमच्या सासूबाईंच्या चातुर्मासालाही चालेल.