गिझरमागचं बिऱ्हाड

मला कोळ्याची भीती वाटायची म्हणजे साधीसुधी नाही, बाथरूममध्ये दिसला की अंगाला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून बाहेर आणि नवऱ्याच्या नावानं हाका. पण आता नवऱ्याची नोकरी पुण्यात, येतो शनिवारी. मग सोमवार ते शुक्रवार काय करायचं?

सातारला शनिवार पेठेत आमचं जुनं घर आहे, लाकडी तुळया, वर पत्रा, पावसाळ्यात भिंतींना ओल. अशा घरात कोळी नाही असं होणारच नाही. सासूबाई म्हणतात, "राहू दे गं, तुझ्या ताटातलं खातोय का?" माझी आई मात्र उलट, लहानपणापासून एकच, कोळी अंगावर मुतला की फोड येतात. आणि मागच्या जुलैमध्ये खरंच आले की! सकाळी उठले तर मानेवर लालभडक पट्टा, त्यावर बारीक फोड, आग आग नुसती. डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं काय, तर रात्री ट्यूब चालू ठेवून झोपला होता का? म्हटलं हो, वाचता वाचता डोळा लागला. तर म्हणे पावसाळ्यात लाईटवर एक मुंगीसारखा लांबट काळा-केशरी किडा येतो, झोपेत मानेखाली चिरडला की त्याचा रस लागून असं भाजल्यासारखं होतं, यात कोळ्याचा काही संबंध नाही. आईला फोन करून सांगितलं. तिला अजून पटलेलं नाही.

पण तेव्हापासून मी जरा नीट बघायला लागले. छताच्या कोपऱ्यात ते काटकुळ्या पायांचे उलटे लटकलेले असतात ना, त्यांना फुंकर मारली की अख्खं जाळं घेऊन थरथरतात, बघणाऱ्याला ते धड दिसूच नयेत म्हणून. जळमटं म्हणून आपण काढतो ती बहुतेक यांचीच. ती मी अजूनही काढते, रविवारी, बांबूला झाडू बांधून (पाहुणे येतात हो घरी). माळ्यावरची मात्र ठेवते, तिथं डास असतात.

गिझरमागचा तो मोठा, तपकिरी, तळहाताएवढा, तो जाळं विणतच नाही, चपटा होऊन फटीत बसतो आणि रात्री शिकारीला निघतो. एकदा रात्री साडेअकराला लाईट लावली तर त्याच्या तोंडात झुरळ, पंख बाहेर लोंबतायत. मी गपचूप लाईट बंद करून परत आले. त्या झुरळांसाठी मी किती वर्षं स्प्रे मारतीये!

आणि तो "तो" नाहीच, ती आहे. श्रावणात बघितलं तर पोटाखाली पांढरी चपटी पिशवी धरलेली, छोट्या बत्ताशासारखी. अंडी. ती घेऊनच भिंतीवर चढायची, उतरायची. मी बादली सरकवताना हळू सरकवायला लागले, का ते विचारू नका.

एक अजूनही जमत नाही, हेल्मेटमधला कोळी. पोवई नाक्यावर काचेच्या आतून एक छोटासा उड्या मारणारा माझ्याकडेच बघत होता, पुढचे दोन डोळे टपोरे. गाडी कशी बाजूला घेतली माझं मला माहीत. आता हेल्मेट आणि बूट झटकल्याशिवाय घालत नाही.

परवा शनिवारी नवरा आला, आंघोळीला गेला आणि आतूनच ओरडला, "अगं केवढा मोठा आहे, चप्पल दे!"

म्हटलं, "चप्पल नको, गिझर बंद कर आणि ये बाहेर. तिची पिल्लं आहेत."