फ्रिजमधला एक क्विंटल कापूस

आमच्या फ्रिजमध्ये मधल्या फळीवर पोळ्यांचा एक प्लास्टिकचा डबा आहे. मागच्या भिंतीला टेकलेला नाही, दारातही नाही, बरोबर मधोमध. झाकणावर लाल टिकली चिकटवलेली आहे. ती सासूबाईंची, आणि ती तिथे कशी आली ते पुढे सांगते. डब्यात पोळ्या नाहीत, माझ्या सुया आहेत. अडालिमुमॅब नावाचं आमवाताचं औषध, 40 मिलिग्रॅम, दर चौदा दिवसांनी एक.

गेल्या खेपेला एका सुईचे मी 6,500 रुपये मोजले. 2025-26 च्या हंगामात आमच्या पहिल्या वेच्याच्या कापसाला गावात आलेल्या व्यापाऱ्याने क्विंटलमागे 6,900 दिले. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामात 8,110 होता, पण खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की माल परत, आणि पहिला वेचा कधी कोरडा असतो? वेचणीची मजुरी काढली तर एका सुईत आमचा एक क्विंटल कापूस जातो, वर थोडे पैसे घालावेही लागतात. वर्षाच्या सुया होतात 26. त्यांचे 1,69,000 रुपये. चार एकरात कोरडवाहू कापूस वीस क्विंटल झाला तर आम्ही पेढे वाटतो. आता करा हिशोब.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ब्लाउज शिवते. वय 41. 2018 च्या दिवाळीत, म्हणजे ऐन गर्दीच्या दिवसांत, सकाळी उठल्यावर माझी मूठ वळेना. पाण्याचा गडवा दोन्ही हातांनी उचलावा लागे. दहा-अकरा वाजले की बोटं जराशी सुटत, मग मी मशीनवर बसत असे. पाय चालत होते, पण हुक लावायला घेतला की सुई बोटांत धरली आहे की नाही तेच कळत नव्हतं. सगळे म्हणाले चिकनगुन्या असेल, उरलेला ताप निघेल. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं की दोन दिवस मी पंचविशीतली होत असे, तिसऱ्या दिवशी पुन्हा साठीतली. सोबत कागदाच्या पुड्यांत गोळ्या. त्यात स्टिरॉइड होतं, हे माझं तोंड भाकरीसारखं फुगल्यावर कळलं. असे आठ-नऊ महिने गेले, आणि तेच महिने महाग पडले. उजव्या हाताचं मधलं बोट तेव्हा वाकलं, ते आता सरळ होणार नाही.

2019 मध्ये नागपूरच्या सांधेवाताच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या दोन तपासण्या केल्या, आणि सांगितलं की हा आमवात आहे. शरीराची पलटण आपल्याच सांध्यांवर उठते. सासूबाईंनी घरी आल्यावर विचारलं, "मंग कोनाची नजर लागली म्हनतात डॉक्टर?" मी म्हटलं, माझीच मला.

आधी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या. आठवड्यातून एकच दिवस. हे मी ठळक करून सांगते, कारण माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या होत्या, "माया गुडघ्यालेबी देनं दोन गोळ्या." नाही. ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतते, आणि बाळ हवं असलेल्या बाईने तर हातही लावू नये. माझा दिवस रविवार. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. पण गोळीने सोमवार-मंगळवार मळमळीत जायचा, फोडणीचा वास आला की मी अंगणात. म्हणून डॉक्टरांनी तेच औषध सुईने घ्यायला सांगितलं, कातडीखाली, दर रविवारी. पोटाचा त्रास कमी झाला आणि गुणही जास्त आला. ही सुई स्वस्त आहे, तिला फ्रिजही लागत नाही, फक्त उजेडापासून जपायचं.

सुई टोचायची कोणी, यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. आमचे हे म्हणाले, "बैलाले देतो मी, तुले नाही देता येत काय?" पहिल्या रविवारी त्यांचा हात असा थरथरला की मीच त्यांना पाणी दिलं. मग उपकेंद्रातल्या सिस्टरने मला पाण्याची सिरिंज भरून एक संत्रं दिलं. संत्र्याच्या सालीतून सुई जाताना जो किंचित अडथळा लागतो ना, तसाच मांडीला लागतो. चार संत्री झाली आणि माझी भीती संपली. तसंही सुईला मी काय घाबरणार, वीस वर्षं माझी भाकर तिच्यावरच आहे.

तीन-साडेतीन वर्षं मेथोट्रेक्सेट आणि जोडीच्या गोळ्यांवर काढली. मग 2023 मध्ये मनगटं फुगली ती उतरेनात, आणि डॉक्टरांनी अडालिमुमॅबचं नाव काढलं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि हातावर क्षयाची मान्टू चाचणी. हे औषध अंगात लपलेला क्षय जागा करू शकतं. सासऱ्यांना क्षय झाला होता, मी त्यांच्या खोकल्याच्या खोलीत दोन वर्षं जेवण नेलेलं. माझा हात लाल होऊन टम्म फुगला. म्हणून आधी महिनाभर क्षयप्रतिबंधक गोळ्या, मग सुई, आणि गोळ्या पुढेही चालू. कोणी तुम्हाला या तपासण्या न करता ही सुई देत असेल तर उठून या.

किंमत ऐकून हे गप्प झाले. डॉक्टर म्हणाले, तरी तुम्ही भारतात आहात. मूळ औषधाला अमेरिकेत 2002 च्या 31 डिसेंबरला मंजुरी मिळाली. त्याच्यासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, ज्याला बायोसिमिलर म्हणतात, ते जगात पहिल्यांदा आपल्याकडे विकायला आलं, 2014 च्या डिसेंबरात. अमेरिकेतल्या दुकानात ते यायला 2023 चा जानेवारी संपत आला. मला बरं वाटलं, पण आठ वर्षं आधी आलेली वस्तूसुद्धा आमच्या कापसाच्या भावात बसत नव्हती. एक मात्र शिकले: खोक्यावर छापलेली किंमत आणि हातात पडणारी किंमत यांत फार अंतर असतं. पहिल्यांदा मी छापील किमतीच्या धक्क्यानेच परतणार होते. तीन ठिकाणी फोन करून विचारा, लाजू नका. आम्ही सोयाबीनचा भाव पाच अडत्यांना विचारतोच ना?

आरोग्याच्या ज्या योजना आहेत, त्यांच्यासाठी मी बरेच कागद गोळा केले. घरी बसून दर पंधरा दिवसांनी घ्यायची सुई त्यात माझ्यासाठी तरी बसली नाही. दवाखान्यात भरती असाल तर विचार होतो, नाही तर आपलं आपण. जावेचा विमा होता, तिथेही तेच. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांसाठी माझी पोत मोडली. हे मी दुःखाने लिहीत नाही. सुजलेल्या बोटांत अंगठी जात नव्हती, बांगडी चढत नव्हती, सोन्याचं करायचं काय होतं?

आता थंडीची गोष्ट. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं. नागपुराहून दारव्ह्यापर्यंत एसटीने वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ असं यायचं. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं परवडतं, पण मे महिन्यात लालपरीची खिडकी भट्टीच्या तोंडासारखी असते. पहिल्या वेळी मेडिकलवाल्याने थर्मासात बर्फ भरून खोकं त्यावर ठेवून दिलं. घरी आल्यावर सिस्टर ओरडली. बर्फ खोक्याला चिकटला तर औषध गोठतं, आणि गोठलेलं औषध वाया गेलं समजायचं, पुन्हा वितळलं तरी. लसींच्या डब्यात ती काय करते ते तिने दाखवलं: बर्फाची लादी फ्रीजरमधून काढून तशीच वापरायची नाही. बाहेर ठेवायची, कानाशी हलवून बघायची, आत पाण्याचा डुबडुब आवाज आला की मग डब्यात. मध्ये कापडाची घडी. मी अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांची एक गादी शिवली आहे, त्यात खोकं बसतं. सुरुवातीला मी आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजमध्ये ठेवा म्हणून गळ घालायची, पण तिथे लसीशिवाय काही ठेवायची परवानगी नाही. सिस्टरचं बरोबर आहे. तिने एकदा ठेवलं तर उद्या सगळं गाव दही घेऊन येईल.

म्हणून आम्ही माझ्यासाठी फ्रिज घेतला, हप्त्यावर. आणि याच फ्रिजने मला बुडवलं.

मे 2024. मी लग्नाच्या ऑर्डरीत गुंतलेली. सासूबाईंना वाटलं, एवढी महागाची वस्तू अन् सुनेने मधल्या फळीवर वांग्यांजवळ ठेवली. त्यांनी ती उचलून वर फ्रीजरमध्ये ठेवली, पोरांच्या बर्फाच्या पेप्सीशेजारी. रविवारी मी उघडलं तर खोक्यावर बर्फाची साय. आत सिरिंजमध्ये पांढरा काच झालेला. मी ती हातात घेऊन उभी राहिले, आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. सासूबाई म्हणाल्या, "थंड्यात ठेवा म्हनत होती ना वं तू? मंग सगळ्यात थंड्या जागी ठेवली." त्यांच्या बोलण्यात चूक कुठे शोधू? एक क्विंटल कापूस. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पोळ्यांचा डबा रिकामा केला, त्यांनी आपल्या पाकिटातली टिकली काढून झाकणावर लावली आणि पोरांना दम भरला, "ह्या डब्याले हात लावला त पाह्य." यवतमाळहून दीडशे रुपयांचा छोटा थर्मामीटर आणला, तो डब्याशेजारी असतो. आता रोज सकाळी चहाआधी त्याच मला ओरडून सांगतात, "पाच हाय!" त्यांना अंक तेवढे वाचता येतात.

मी स्वतः जे केलं ते याहून वाईट. 2024 च्या हिवाळ्यात सोयाबीनला हमीभाव 4,892 होता आणि आम्ही 4,050 ने विकलं. मी कोणाला न सांगता चौदा दिवसांचे एकवीस केले, मग अठ्ठावीस. कॅलेंडरवरची खूण पुढे सरकवायला काय लागतं. दोन महिने काही झालं नाही आणि मला मी फार हुशार वाटले. मग फेब्रुवारीत एका पहाटे गुडघा असा सुजला की खाटेवरून खाली पाय टेकवेना. डॉक्टरांनी सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्ताचा आकडा, पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुई कधी घेतली होती?" मी खोटं बोलणार होते. बोलले नाही, रडले.

ते रागावले, पण अंतर वाढवलं म्हणून नाही, लपवलं म्हणून. आजार शांत असेल तर ते स्वतःच हळूहळू अंतर वाढवतात, पण तपासून. आपल्या मनाने कधी घेतली कधी नाही असं केलं, तर शरीर औषधालाच परकं समजून त्याच्याविरुद्ध उभं राहू शकतं, मग तीच सुई लागू पडत नाही. मेथोट्रेक्सेट त्यासाठीही सोडायचं नाही, ते या महागड्या सुईची राखण करतं. आणि पैशाचं त्यांना आधीच सांगायला हवं होतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. चांगली साडी नेसून जात होते, त्यांना काय कळणार? पैशाचं ऐकल्यावर त्यांनी दुसरा विक्रेता सांगितला, तिथे चार सुयांवर एक मोफत मिळते, आणि आता माझं ठरलं आहे: तीन महिने चौदा दिवसांनी, रक्त ठीक असलं की एकवीस. पुढेमागे टोफासिटिनिब नावाच्या गोळीवर जायचंही बोलणं चालू आहे. ती स्वस्त आहे, फ्रिज लागत नाही, पण तिच्याही तपासण्या आहेत.

सुईचा रविवार असा: अर्धा तास आधी डबा उघडून सिरिंज मशीनच्या फळीवर ठेवते, थंडगार टोचली तर जास्त झोंबते. गरम पाण्यात घालायची नाही, हलवायची नाही. उजेडात धरून पाहते, स्वच्छ हवं. मांडी एकदा डावी, एकदा उजवी. चिमटीत कातडी धरायला वाकडं बोट त्रास देतं, म्हणून डाव्या हाताने धरते. दट्ट्या अंगठ्याने दाबला जात नाही, मी तळहाताच्या टाचेने दाबते, कात्री चालवते तशी. लाल मुंगी चावल्यासारखं होतं, दहा आकडे मोजेपर्यंत. मग वर कापूस. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला आणि मी हा मेडिकलमधून दहा रुपयांचा आणते, यावर हे दर वेळी हसतात. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत, भरली की सिस्टरकडे. ताप असला तर सुई घेत नाही, आधी डॉक्टरांना फोन. ऑगस्टमध्ये डेंग्यूच्या वेळी एक अशीच पुढे गेली.

काल मी एक पैठणी ब्लाउज पूर्ण केला, हाताने सतरा हुक. पुढची सुई रविवारी 14 तारखेला. डब्यात एकच उरली आहे. दुसऱ्या वेच्याचा कापूस घरात आहे आणि हे भाव वाढण्याची वाट पाहून राहिले. मी म्हटलं, पाहा, पण 28 च्या आधी काढा.