महालातून गडावर: रामटेकची पायी वारी

नागपूरकर रामटेकला सहसा गाडीने जातात आणि दुपारच्या जेवणापर्यंत घरी परततात. आमची दिंडी मात्र त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेसाठी नागपूरच्या महाल भागातून पायी निघते. तिला पालखी नाही, मानकरी नाहीत. टाळ, एक मृदंग आणि हरिपाठ एवढ्यावर सुमारे ५० किलोमीटरची वाट सरते.

महालातील भोसल्यांच्या वाड्याजवळ उभे राहिले, की नागपूर फार पुरातन असल्याचा भास होतो, पण तो खरा नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास हे शहर वसवले आणि पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांनी ते आपली राजधानी केले. रामटेकची यात्रा त्याहून कितीतरी जुनी आहे. महानुभाव परंपरेनुसार तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गुजरातेतून बाहेर पडले ते रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून, आणि वाटेत ऋद्धिपूरला त्यांना गुरू गोविंदप्रभू भेटले. ज्या यात्रेला आपण नागपूरहून निघतो, ती नागपूर नव्हते तेव्हाही लोक करीत होते, हे चालताना वारंवार मनात येते.

कामठीत इंग्रजांनी १८२१ मध्ये उभारलेली छावणी लागते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता नावापुरती उरली होती, याची ती खूणच म्हणावी. ड्रॅगन पॅलेस मंदिरापाशी काही जण थांबतात, पण ऊन चढण्याआधी कन्हान नदी ओलांडायची असल्याने आम्ही थांबलो नाही. पुलापलीकडे एका आजीने चहा पुढे केला आणि आमची घाई पाहून म्हणाली, "बसा जी घडीभर, गड काही पळून नाही चालला."

मुक्कामानंतर आम्ही ट्रकांचा महामार्ग सोडून नगरधनची वाट धरली, आणि माझ्या मते या वारीचे खरे मोल याच टप्प्यात आहे. आज दिसणारा किल्ला भोसलेकाळाशी जोडला जातो, परंतु हीच वाकाटक या प्राचीन राजघराण्याची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटकांची राणी झाली आणि पती दुसरा रुद्रसेन वारल्यावर तिने अल्पवयीन पुत्राच्या नावे राज्य चालवले. येथील अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा सापडली. भातशेतीच्या बांधावरून चालताना आपण राजधानीतून जात आहोत, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

गडाची पाऊलवाट अंबाळा तलावाकडून चढते. वर वराहाच्या दगडी मूर्तीच्या पोटाखालून सरपटत जाणाऱ्यांची रांग लागलेली असते. जो अडकला तो पापी, अशी समजूत असल्याने स्थूल मंडळी लांबूनच नमस्कार करतात. गर्दीचा ओढा मग थेट श्रीरामाच्या देवळाकडे वळतो. त्यामुळे केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह यांच्या ठेंगण्या, जाड भिंतींच्या वाकाटककालीन मंदिरांत फारसे कोणी डोकावत नाही. केवल नरसिंहाच्या भिंतीत प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी संबंधित शिलालेख आहे. तिच्या ऋद्धिपूरच्या ताम्रपटातही रामगिरीस्वामीच्या पायांचा उल्लेख येतो, आणि त्या उल्लेखाच्या आधारामुळे कालिदासाच्या 'मेघदूता'तील रामगिरी म्हणजे रामटेक, हे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचे मत मला पटते. लक्ष्मणाच्या मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातील लेख आहे. म्हणजे वाकाटक, यादव आणि जीर्णोद्धार करणारे भोसले हे तिन्ही काळ एकाच चढावावर भेटतात.

त्रिपुर पाहून बहुतेकांनी नागपूरची एसटी धरली. आम्ही काही जण मनसरला उतरलो, कारण तेथील टेकडीवर उत्खननात निघालेले विटांचे भव्य बांधकाम अनेक अभ्यासक दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरपूरशी जोडतात. प्रवरसेन हा प्रभावतीचाच मुलगा, आणि आईची राजधानी पाहिल्यावर मुलाची न पाहता घरी जाणे आम्हाला बरे वाटले नाही.