बुटांची बॅग

कॉलेजच्या फुटबॉल टीमचा मी मॅनेजर होतो. म्हणजे लिंबं कापायची, बाटल्या भरायच्या, सगळ्यांची आयकार्डं सांभाळायची. १९९१ साली पुण्याला मॅच होती. दादरला सकाळच्या गाडीत कसेबसे घुसलो आणि बुटांची बॅग फलाटावरच राहिली. कर्जतला वडे खाताना गोलकीपरने विचारलं, "बूट कुठायत रे?" वडा घशातच अडकला.

कॅप्टन भलताच शांत. म्हणाला, "१९११ ला मोहन बागानने गोऱ्यांना अनवाणी हरवलं होतं. आपणही खेळू." चार गोल खाल्ले. (मोहन बागानच्या एका खेळाडूने तरी बूट घातले होते, हे मला नंतर कळलं.)

हे आठवायचं कारण, परवा बोरिवली लोकलमध्ये उभ्याउभ्या सिवनीबद्दल वाचलं. अमेरिकेत टेनेसीतल्या डोंगरावरचं छोटंसं कॉलेज, साल १८९९. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे बॉल बगलेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडायचं. तेव्हा तर पुढे पास देणंही नियमात बसत नव्हतं, ती मुभा १९०६ साली मिळाली. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, बॉल पार पलीकडच्या टोकाला नेला (टचडाउन) की पाच गुण. नुसती रेटारेटी. विरार लोकलवाल्यांना जमलं असतं.

त्यांचा मॅनेजर ल्यूक ली, स्वतः विद्यार्थीच. गेटच्या पैशांवरून व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी बिनसलं, ती मॅच रद्द झाली आणि तिजोरीला भोक पडलं. मग या पठ्ठ्याने काय केलं, तर एक दौराच आखला. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठ, १२-०. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एम, १०-०. तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला टुलेन, २३-०. रविवारी सुट्टी, चर्चचं कॉलेज ना! सोमवारी लुइझियाना स्टेट, ३४-०. मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपी, १२-०. सहा दिवसांत पाच सामने, एकही गुण न देता. सगळा प्रवास रेल्वेने, सुमारे चार हजार किलोमीटर, म्हणजे मुंबईहून हावड्याला जाऊन परत. खेळाडू जेमतेम वीस-एकवीस, आणि अर्ध्यात बाहेर गेलेल्याला परत आत यायची सोय नाही.

लोक कौतुक करतात ते कॅप्टन सायबेल्सचं आणि कोच सूटरचं. करू देत. मला मात्र वेळापत्रक दिसतं. कुठली गाडी किती वाजता, रात्री डब्यात कोण कुठे झोपणार, तिकिटाचे पैसे कोण देणार. प्यायला डोंगरावरचं झऱ्याचं पाणी पिंपं भरून सोबत नेलं होतं. मी बिसलेरीची एक बाटली घ्यायची म्हटलं तरी सर कपाळाला आठ्या घालायचे.

मोसमात बारापैकी बारा सामने जिंकले, ३२२ विरुद्ध १०. ते दहाही एकट्या ऑबर्नने केले, त्यांचा कोच हाइसमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी अजून देतात तो. ती मॅच ११-१० अशी सुटली. ली पुढे सिनेटर झाला, आणि १९१९ साली हॉलंडमध्ये जाऊन तिथे आश्रयाला असलेल्या जर्मनीच्या माजी सम्राटाला, कैसरलाच, उचलून आणायला निघाला होता. कैसर काही हाती लागला नाही. पण ज्या माणसाने हा दौरा आखला, त्याला तेही जमेलसं वाटलं असणार.

वाचताना मी थबकलो ते एका ओळीवर. टेक्सासला जाताना टीमचे बूट मागेच राहिले होते म्हणे! नॅशव्हिल सोडल्यावर लक्षात आलं. लीने तार ठोकली आणि मागून येणाऱ्या गाडीने बूट वेळेवर पोचले.

कर्जतला मला तार सुचली नाही. वडे सुचले.

आमची बॅग तिसऱ्या दिवशी दादरला स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात सापडली. आत सगळे जोड होते, फक्त गोलकीपरचा डावा बूट नव्हता. तो हल्ली ठाण्याला असतो. लग्नाकार्यात भेटला की बायकोसमोर विचारतो, "मिळाला का रे?"