हीटर प्लग नवे, तरी व्हॅन सकाळी उठेना : माझा अनुभव

निफाडकडची थंडी आणि जुनी प्री-चेंबर डिझेल व्हॅन (डिझेल आधी सिलेंडरलगतच्या छोट्या कप्प्यात पेटतं ती), म्हणजे चालू करण्याआधी तो कप्पा तापवणाऱ्या हीटर प्लगशिवाय गत्यंतर नाही. थेट सिलेंडरमध्ये डिझेल सोडणारी डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आपल्याकडच्या हिवाळ्यात बहुधा प्लग मेलेले असतानाही चालू होतात. प्री-चेंबरमध्ये दाबलेल्या हवेची उष्णता चेंबरच्या भिंतीच खातात, त्यामुळे प्री-चेंबरची इंजिनं २० अंशांनाही रुसतात.

लक्षण सरळ होतं. सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, मग एक-दोन सिलेंडर पकडतात आणि गाडी मिनिटभर थरथरत राहते. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण जळत नाही. धूरच नसेल तर प्लगला हात लावू नका, डिझेल लाइनमध्ये हवा शिरली आहे का ते बघा. सेल्फ रेंगाळत असेल तर आधी बॅटरी.

गॅरेजमध्ये चारही प्लगांना वीज पोचवणाऱ्या पट्टीवर टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला. "रिले, म्हणजे प्लगांना वीज जोडणारा स्विच, ठीक आहे, चारही प्लग बदला." बदलले. दुसऱ्या दिवशी तोच धूर. मग "डिझेल पंप उतरवावा लागेल" हे सुरू झालं, तेव्हा मी मीटर हातात घेतला.

राग मला त्या टेस्ट लॅम्पचा आहे. ५ वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. चार प्लग मिळून गरम झाल्यावर ४०-४५ अँपिअर घेतात, पहिल्या क्षणी त्याहून बरेच जास्त. वाटेतल्या सांध्यात ०.१ ओहम रोध असेल तर बल्बला काही कळत नाही, पण ३० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट जातात. आणि साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून हे ०.१ नीट दिसत नाही, त्याच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ असतो. म्हणून प्लग जोडलेले ठेवूनच, लोडवर, व्होल्ट मोजायचे.

चावी हीटरवर असताना बॅटरीच्या दोन टोकांत ११.५ व्होल्ट होते. पट्टी ते इंजिन ब्लॉक ७.८. म्हणजे ३.७ व्होल्ट वाटेत गायब. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, तेव्हा नव्याकोऱ्या प्लगांना निम्म्याहून कमी ताकद मिळत होती.

आता मीटरची एक पिन वाटेवरच्या एका टोकाला, दुसरी पुढच्या टोकाला, असं करत सरकायचं. बॅटरी प्लस ते रिलेचं ३० नंबर टर्मिनल (वीज आत येते ते) : ०.२. रिलेच्या आत, ३० ते ८७ (वीज बाहेर जाते ते) : ०.३. फ्यूजपासून पट्टीपर्यंतची वायर : ०.१. ब्लॉक ते बॅटरी मायनस : ०.२. आणि ८० अँपिअरच्या, पत्र्याच्या पट्टीसारख्या फ्यूजच्या दोन बाजूंच्या वायरींच्या मुंड्यांवर (टोकाला दाबलेल्या धातूच्या कड्यांवर) : २.९. फ्यूज तुटलेला नव्हता, डोळ्यांना धडधाकट दिसत होता. स्क्रूखाली हिरवट गंज होता आणि बैठकीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. पडणारच; २.९ व्होल्ट गुणिले ३० अँपिअर म्हणजे ८७ वॅट, मोठ्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता एका स्क्रूखाली.

दोन्ही बैठका एमरी पेपरने चकचकीत केल्या, काळी पडलेली मुंडी कापून नवी दाबून बसवली, फ्यूज नवा टाकला, स्टार वॉशरसह आवळला. पट्टीवर दहाच्या वर व्होल्ट आले आणि गाडी पहिल्या फिरकीत चालू. खर्च सांगण्याइतकासुद्धा नाही, प्लगांचे पैसे मात्र गेले. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारे भेटतात. एखादा प्लग आतून शॉर्ट झाला की त्या तारेऐवजी वायरिंग जळतं.

डॅशबोर्डवरचा कॉइलचा (वेटोळ्याच्या चिन्हाचा) दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले, असं समजू नका. अशा जुन्या गाड्यांत तो बहुधा टायमरचा हिशेब दाखवतो, प्लगची तब्येत नाही.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) असेल तर काम झटपट होतं, पण डीसी करंट मोजणारा हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. एका प्लगला साधारण १० अँपिअर धरा. पट्टीवर व्होल्ट पुरेसे असूनही एकूण ३० वर स्थिरावला तर एक प्लग मेलेला.

एकेक प्लग ओहमवर तपासायचा तर पट्टी काढूनच. पट्टी असताना चारही समांतर जोडलेले असतात, मेलेला लपून जातो. चांगला प्लग थंड असताना १ ओहमच्या आसपास किंवा कमी, मेलेला अनंत. काढलेला प्लग शिकंज्यात धरून जाड वायरीने १२ व्होल्ट दिले तर आधी टोक लाल व्हायला हवं. टोकाआधी मधला भाग लाल होत असेल तर तो गेला. ही परीक्षा फक्त ११-१२ व्होल्टच्या जुन्या प्लगांसाठी आहे. नव्या कॉमन रेल गाड्यांतले ५ किंवा ७ व्होल्टचे प्लग यात जळतात. त्या गाड्यांत स्कॅनरवर पी०६७१ ते पी०६७४ हे दोषाचे कोड आले तर आकड्याचा शेवट सिलेंडर सांगतो.

टोक वितळलेलं निघालं तर प्लगला दोष देण्याआधी त्या सिलेंडरचं इंजेक्टर गळतंय का ते तपासा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

प्लग तापत असताना एअर इनटेकमध्ये इथर स्प्रे कधीच नाही. हेडचं नुकसान होतं, तोंडावर भडका येतो तो वेगळा.

प्लग काढताना इंजिन गरम हवं, आणि आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल टाकलेलं असलं तर उत्तम. एम१० (१० मिमी व्यासाच्या) आट्याचा प्लग ३५ न्यूटन-मीटरला सुटला नाही तर थांबा, पुढे तो तुटतो. बसवताना १५ च्या आसपास पुरे. आधी भोकातला कार्बन रीमरने (भोक साफ करायच्या हत्याराने) काढा.

शेवटी, इंजिन चालू झाल्यावर थोड्या वेळाने पट्टीवर पुन्हा मीटर लावा. शून्य यायला हवं. रिले चिकटलेला राहिला तर प्लग सतत तापून टोकं फुगतात, आणि फुगलेलं टोक भोकातून वर येत नाही. मग हेड उतरवावं लागतं.